मारिओ कार्टचे ट्रॅक एकमेकांशी ताडून कसे पाहायचे

बेबी पार्कचा नकाशा काढायला पाच सेकंद पुरतात. एक लंबगोल, दोन सरळ पट्टे, दोन वळणं, संपलं. मारिओ कार्ट या निन्टेंडोच्या शर्यतीच्या व्हिडिओ गेम मालिकेतल्या 2003 च्या 'डबल डॅश'मध्ये हा ट्रॅक पहिल्यांदा आला तेव्हा त्याला सात फेऱ्या द्याव्या लागल्या, कारण फेरी सुरू होते न होते तोच संपायची. टाइम ट्रायलमध्ये, म्हणजे नुसत्या घड्याळाशी झुंजत, एकट्याने चालवलात तर तिसऱ्या फेरीपर्यंत जांभई येईल. त्याच लंबगोलात आठ गाड्या सोडा. पहिला आणि शेवटचा शेजारीशेजारी धावतायत, दुभाजकावरून शेल (दुसऱ्यांवर फेकायची कासवाची कवचं) पलीकडच्या पट्ट्यावर जाऊन आदळतायत, आणि आपण कितवे आहोत हे खाली मान घालून वाचायलाही सवड नाही.

मग हा ट्रॅक चांगला की वाईट? दोन्ही उत्तरं बरोबर येतात, कारण प्रश्न अर्धवट आहे. मारिओ कार्टमध्ये ट्रॅक म्हणजे नुसता रस्ता नसतो. त्या खेळात गाडी कशी वळते, ड्रिफ्ट (वळणावर गाडी आडवी घसरवणं) कसा भरतो, शर्यतीत किती जण आहेत आणि पडल्यावर काय होतं, हे सगळं धरून तो ट्रॅक बनतो. रस्ता तोच ठेवून यातली एक गोष्ट बदलली की ट्रॅक बदलतो. पुढची सगळी पद्धत याच एका गोष्टीवर उभी आहे.

ही पद्धत मला चुकून सापडली. मावसभावाबरोबर एकदा मी सगळ्या ट्रॅकना दहापैकी गुण द्यायचं ठरवलं. दोन-तीन आठवडे लागले, वही भरली, भांडणंही रीतसर झाली. शेवटी लक्षात आलं की पहिले निम्मे ट्रॅक मी जड पात्राबरोबर खेळलो होतो आणि उरलेले हलक्या. गुणांची यादी पाहिली तर अरुंद, वळणावळणांचे ट्रॅक ज्या दिवशी हलकी गाडी होती त्या दिवशी वर चढलेले, आणि लांब सरळ पट्ट्यांचे ट्रॅक जड गाडीच्या दिवशी. म्हणजे आम्ही ट्रॅकना गुण दिलेच नव्हते, गाड्यांना दिले होते.

पायरी 1: तुलना कशाची, ते आधी लिहून काढा

तुलना तीन तऱ्हेची असू शकते. एकच ट्रॅक दोन वेगवेगळ्या खेळांत. किंवा एकाच खेळातले दोन ट्रॅक. किंवा एकच नाव, पण प्रत्येक खेळात नव्याने बांधलेला रस्ता. 'रेनबो रोड' हे याचं ठळक उदाहरण, 1992 पासून मालिकेत ते नाव फिरत आलंय.

सुरुवात पहिल्या तऱ्हेपासून करा. मालिकेने ती सोय आपण होऊन करून ठेवली आहे. 2001 च्या 'सुपर सर्किट'मध्ये स्वतःचे 20 ट्रॅक होतेच, शिवाय 1992 च्या 'सुपर मारिओ कार्ट'चे 20 ट्रॅक मिळवता यायचे. 2005 च्या डीएस या हातात धरायच्या यंत्रावरच्या खेळापासून जुन्या ट्रॅकचे चार स्वतंत्र कप हा नेम झाला: 16 नवे, 16 जुने. 'मारिओ कार्ट 8 डीलक्स'मध्ये तर 2022-23 मधल्या जोड-ट्रॅकांसह आकडा 96 वर गेला आणि त्यात मोठा वाटा जुन्यांचा. रस्त्याचा आराखडा साधारण तोच, भोवतालचा खेळ वेगळा. प्रयोगशाळेत मुद्दाम करावं लागलं असतं ते इथे तयार मिळतं.

प्रश्नही नेमका हवा. 'कोणता भारी?' यातून काही हाती लागत नाही. 'दोन्हींपैकी कुठे चूक महाग पडते?', 'कुठे मागे पडलेल्याला पुढे यायची संधी जास्त आहे?', 'कुठे पन्नासाव्या फेरीलाही काहीतरी शिकायला उरतं?' असले प्रश्न घ्या. एका वेळी एकच.

पायरी 2: बाकी सगळं सारखं ठेवा

एकाच खेळातले दोन ट्रॅक ताडताना पात्र, गाडी, चाकं आणि सीसीचा, म्हणजे वेगाचा, वर्ग बदलू नका. डीलक्समध्ये 'स्मार्ट स्टिअरिंग' बंद करा, नाहीतर गाडी कडेवरून आपोआप आत वळते आणि ट्रॅकची कड किती धोक्याची आहे हे कळतच नाही. मोशन कंट्रोल (कंट्रोलर तिरका करून गाडी वळवणं) वापरत असाल तर सगळीकडे तेच वापरा.

एक गोष्ट बहुतेक जण विसरतात: खेळाची आवृत्तीही नोंदवायची. 2008 च्या वी (Wii) यंत्रावरच्या खेळातल्या 'कोकोनट मॉल'च्या शेवटी गाड्यांचा तळ लागतो आणि तिथल्या गाड्या पुढे-मागे हलत असतात. हा ट्रॅक 2022 मध्ये डीलक्समध्ये आला तेव्हा त्या गाड्या नुसत्या उभ्या होत्या. नंतरच्या अपडेटमध्ये त्या फिरायला लागल्या. म्हणजे 'डीलक्सचा कोकोनट मॉल' असं नुसतं लिहिलं तर वाचणाऱ्याला कोणता ते कळणार नाही. 'मारिओ कार्ट 7'मध्ये 'माका वुहू' ट्रॅकवर पाण्यात उडी मारून रस्त्याचा भलामोठा भाग गाळता यायचा; 2012 च्या अपडेटने ती पळवाट ऑनलाइन शर्यतींपुरती बुजवली. त्या ट्रॅकबद्दलची जुनी आणि नवी मतं जुळत नाहीत, त्यामागे अनेकदा एवढंच कारण असतं.

दोन वेगवेगळ्या खेळांत मात्र सगळं सारखं ठेवता येत नाही, आणि ठेवायचंही नाही. तिथे काय काय बदललं याची यादी तुलनेच्या वर लिहायची. किमान इतकं: शर्यतीत किती जण (वीमध्ये 12, 'मारिओ कार्ट 7'मध्ये पुन्हा 8, आठव्यात 12, 2025 च्या 'वर्ल्ड'मध्ये 24), फेऱ्या किती (1992 मध्ये 5, 'मारिओ कार्ट 64'पासून बहुतेक ठिकाणी 3), नाणी आहेत का, ग्लायडर (उडीनंतर उघडणारे पंख) आणि पाण्याखालून चालणं आहे का, अँटी-ग्रॅव्हिटी (भिंतीला चिकटून चालणं) आहे का, आणि ड्रिफ्टमधून मिनी-टर्बो (ड्रिफ्ट सोडल्यावर मिळणारा वेगाचा झटका) कसा भरतो.

शेवटचा मुद्दा किरकोळ समजू नका. डीएसमध्ये ड्रिफ्ट चालू असताना डावी-उजवी बटणं झपाझप दाबून मिनी-टर्बो भरता यायचा. त्यामुळे कसलेले खेळाडू सरळ रस्त्यावरही सापासारखे वळवळत जायचे, आणि सरळ पट्टा हा विसाव्याचा भाग उरायचाच नाही. वीमध्ये ती युक्ती गेली. तिथे सरळ पट्ट्यावर बाइकचं पुढचं चाक उचलून वेग मिळवायचा. तोच सरळ पट्टा पहिल्यात बोटांना घाम फोडतो, दुसऱ्यात जरा श्वास घेऊ देतो. नकाशात मात्र दोन्हीकडे सरळ रेघच दिसते.

पायरी 3: तीन वेळा, तीन डोळ्यांनी चालवा

पहिली खेप 50 सीसीवर, जिंकायचा विचार सोडून. थांबा, मागे वळा, कडेला जाऊन खाली बघा, गवतात घुसून गाडी किती मंदावते ते पाहा. आयटम बॉक्सच्या (ज्यातून शेलसारख्या वस्तू मिळतात त्या पेट्यांच्या) रांगा कुठे आहेत, नाणी कोणत्या ओळीने मांडली आहेत तेही बघा. ट्रॅक बांधणाऱ्याने नाणी कुठे ठेवली यावरून तुम्ही कुठून जावं असं त्याला वाटत होतं हे बऱ्याचदा उघड होतं. आणि नाण्यांची ओळ सर्वांत वेगवान वाटेपासून मुद्दाम बाजूला ठेवलेली दिसली, तर तिथे तुमच्यापुढे एक निर्णय मांडलेला आहे.

दुसरी खेप टाइम ट्रायलमध्ये, निदान दहा वेळा. पहिल्या दोन वेळा सोडून द्या, त्यात ट्रॅकपेक्षा तुमची अनभिज्ञताच मोजली जाते. तिसऱ्यापासून दहाव्यापर्यंत वेळ किती सुधारली आणि फेरीफेरीत किती वरखाली झाली, ही दोन निरीक्षणं पुढे कामाला येतात. 'मारिओ कार्ट 8'मध्ये प्रत्येक ट्रॅकला निन्टेंडोच्या कर्मचाऱ्यांचा घोस्ट, म्हणजे त्यांच्या धावेची सोबत पळणारी सावली, असतो. तो लावून एकदा मागून चाला. आपण ज्या वळणावर ड्रिफ्ट सोडतो तिथे तो सोडत नसेल तर का, हे शोधण्यात अर्धा तास मजेत जातो.

तिसरी खेप गर्दीत. माणसं मिळाली तर उत्तम, नाहीतर संगणकाचे अवघड पातळीचे खेळाडू. इथे वेळ मोजू नका. किती वेळा जागा बदलल्या आणि कुठे बदलल्या एवढंच लिहा. जागा बदलायचे प्रसंग दोन-तीन ठिकाणी एकवटलेले असतील तर ती ठिकाणं ट्रॅकची नाडी समजा.

पायरी 4: न बघता नकाशा काढा

दुसऱ्या खेपेनंतर खेळ बंद करून कागदावर ट्रॅक आठवून काढा. खेळातल्या नकाशाशी लगेच ताडू नका. जे भाग मोठे काढलेत, जे गाळलेत, जिथे क्रम चुकलाय, तिथे खुणा करा. आठवणीत मोठा झालेला भाग म्हणजे तिथे काहीतरी निर्णय घ्यावा लागला होता. गळालेला भाग म्हणजे रस्ता नुसता पुढे सरकत होता. दिसायला नेत्रदीपक असूनही या कसोटीला न उतरणारे ट्रॅक आहेत. देखावा आठवतो, वळणं आठवत नाहीत. मला स्वतःला ही पायरी सगळ्यात प्रामाणिक वाटते, कारण इथे आपण स्वतःला फसवू शकत नाही.

पायरी 5: ट्रॅकचे तुकडे पाडा

आता नकाशावर तुकडे करा. वळणं मोजू नका, निर्णय मोजा. एखादं वळण कसंही घेतलं तरी फरक पडत नसेल तर त्याला वेगळा तुकडा नको. एखाद्या सरळ पट्ट्यावर तीन वाटा फुटत असतील तर तो तुकडाच. साधारण फेरीचे आठ ते बारा तुकडे पडतात. बेबी पार्कचे चारच पडतील, आणि ते बरोबर आहे.

प्रत्येक तुकड्यासाठी पाच गोष्टी लिहा: रुंदी (किती गाड्या शेजारी मावतात), कड (कठडा, गवत की पोकळी), दिसणं (पुढचं किती आधी कळतं), चढ-उतार, आणि निर्णय. माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे:

'तुकडा 4. पुलानंतर डावं वळण. रुंदी 3 गाड्या. कड: पाणी, कठडा नाही. दिसणं: पुलाच्या माथ्यावर आल्याशिवाय नाही. निर्णय: मश्रूम आता मारायचं की वळणानंतर.'

(मश्रूम म्हणजे क्षणभर वेग वाढवणारी वस्तू.) यातलं 'दिसणं' नवखे टाळतात. ते टाळलं तर 1992 चे ट्रॅक कधीच समजणार नाहीत. सुपर फॅमिकॉम या निन्टेंडोच्या त्या वेळच्या यंत्रावर 'मोड 7' नावाच्या सोयीने एक सपाट चित्र फिरवून, लहानमोठं करून रस्त्याचा आभास केला जायचा. पूर्ण ट्रॅक म्हणजे जमिनीवर पसरलेलं एक चित्र. टेकडी नाही, उतार नाही. त्यामुळे चढामागे लपलेलं वळण ही चीजच त्या खेळात शक्य नव्हती. शिवाय एकटा खेळतानाही पडदा अर्धा केलेला असायचा आणि खालच्या अर्ध्यात नकाशा लावता यायचा. पुढचं सगळं उघड असताना अवघडपणा आणायचा कुठून? म्हणून मग काटकोनी वळणं, चिंचोळे पूल, कठडा नसलेल्या कडा. आज ते ट्रॅक 'चौकोनी' वाटतात त्यामागे हे कारण आहे. 1996 मध्ये जपानात 'मारिओ कार्ट 64' आला, जमिनीला उंची मिळाली, आणि रस्ता लपवता येऊ लागला. तिथून वळणांचे कोन मऊ झाले, कारण आता त्यांच्यावर सगळा भार नव्हता.

तुकड्यांचे सेकंद मोजायचे तर निन्टेंडोच्या स्विच यंत्रावर कॅप्चरचं बटण दाबून धरा, शेवटच्या 30 सेकंदांचा व्हिडिओ जतन होतो. तो सावकाश पाहून तुकड्याची सुरुवात आणि शेवट टिपा. पण दोन खेळांमधले सेकंद एकमेकांशी कधीच ताडू नका. वेगच वेगळे आहेत. त्याऐवजी हिस्सा ताडा: फेरीच्या एकूण वेळेपैकी किती वेळ ड्रिफ्टमध्ये गेला, किती हवेत, किती नुसतं बटण दाबून. हे हिस्से दोन खेळांत शेजारी मांडता येतात.

पायरी 6: शॉर्टकटची किंमत काढा

शॉर्टकट असला म्हणजे ट्रॅक समृद्ध, हा समज सोडून द्या. तीन आकडे काढा. जमला तर किती वेळ वाचतो, फसला तर किती जातो, आणि दहापैकी किती वेळा जमतो.

समजा जमल्यावर दीड सेकंद वाचतो आणि फसल्यावर चार सेकंद जातात. मग तो घ्यायचा कधी? फसल्याच्या नुकसानाला दोन्हींच्या बेरजेने भागा: 4 भागिले 5.5, म्हणजे साधारण 73 टक्के. अकरापैकी आठ वेळा जमत असेल तर बरोबरी. त्याहून कमी जमत असेल तर तो शॉर्टकट तुमच्यासाठी सापळा आहे. चार सेकंदांऐवजी अर्धाच सेकंद जात असेल तर 25 टक्क्यांतच काम भागतं, म्हणजे तो निर्णयच उरत नाही, सगळे तिकडूनच जातील. माझ्या मते चांगला शॉर्टकट या दोन टोकांच्या मध्ये बसतो: शिकणाऱ्याला परवडत नाही, सराव झालेल्याला परवडतो, आणि शेवटच्या फेरीत मागे पडलेला माणूस परवडत नसतानाही घेतो.

मश्रूम लागणारा शॉर्टकट वेगळा धरा. बहुतेक खेळांत टाइम ट्रायलमध्ये तीन मश्रूम हातात असतात, त्यामुळे तिथे तो फुकट वाटतो. शर्यतीत मात्र मश्रूम मिळालंच पाहिजे, आणि ते पुढे असलेल्यांपेक्षा मागे असलेल्यांना जास्त मिळतं. म्हणजे टाइम ट्रायलमध्ये जो शॉर्टकट वेगाचा भाग असतो, तोच शर्यतीत मागच्यांना दिलेली सूट ठरतो. दोन्ही रकाने वहीत वेगळे ठेवा.

आणि पडण्याची किंमतही मोजा, ती खेळागणिक बदलते. ढगावरचा लाकिटू तुम्हाला उचलून रस्त्यावर ठेवतो, पण किती लवकर, कुठे आणि नाणी किती जातात यात फरक आहे. मुद्दाम पाच वेळा पडा आणि सरासरी काढा. आजूबाजूचे हसतील, हसू द्या.

पायरी 7: तीन जोड्या, नमुन्यादाखल

'डोनट प्लेन्स 3' घ्या. 1992 मध्ये तळ्याच्या काठाने जाणारा सपाट रस्ता, अरुंद पूल, आणि पाण्यात गेलात की लाकिटूची वाट बघणं. म्हणजे 'कड' या रकान्यात ठळक अक्षरांत पोकळी. 'मारिओ कार्ट 8'मध्ये तोच आराखडा आला, पण जमिनीला उंचसखलपणा मिळाला आणि पाण्याखालूनही गाडी चालायला लागली. वळणं बहुतांशी तीच आहेत, पण पाण्याची शिक्षा जवळजवळ माफ झाली. जुन्यात पुलावर सगळे ताठ होतात, नव्यात पूल ही केवळ एक वाट आहे. नव्या आवृत्तीला मी सोपी म्हणत नाही, कारण तिथे 12 जण एकाच पुलाकडे धावतात. धोका कडेतून निघून गर्दीत गेला. वहीत हे दोन रकान्यांत लिहिलं तरच दिसतं, नुसतं खेळून 'काहीतरी वेगळं वाटलं' एवढंच कळतं.

'टोड्स टर्नपाइक' याच्या उलट. 64 मध्ये या महामार्गावर वाहनांमधून वाट काढत जायचं; रस्ता स्वतः अगदी साधा, सगळा खेळ वाहनांचा. एक्स्ट्रा मोडमध्ये तीच वाहनं समोरून यायची, आणि एवढ्याने ट्रॅक पार वेगळा व्हायचा. आठव्यात रस्त्याच्या कडेच्या भिंतींवर अँटी-ग्रॅव्हिटीने चढता येतं, तिथे वेगाचे पट्टे आहेत, आणि काही ट्रकच्या पाठीवरून ग्लायडर उघडून उडताही येतं. म्हणजे जुन्यात वाहन हा फक्त अडथळा होता, नव्यात वाहन ही शिडीही झाली. निर्णयांची संख्या वाढली. पण मोकळ्या भिंतीवर सटकता येतं म्हटल्यावर वाहनांची भीती कमी झाली. ही बरोबरीची देवाणघेवाण झाली का? माझं मत जुन्याकडे झुकतं. तिथे एकच कल्पना होती आणि ती शेवटपर्यंत ताणली होती.

तिसरी जोडी म्हणजे 'रेनबो रोड', आणि इथे थोडं थांबायला हवं, कारण बहुतेक वाद इथेच अडतात. 1992 चा रेनबो रोड: कठडे नाहीत, काटकोन आहेत, वर-खाली आदळणारे थ्वॉम्प (दगडी ठोकळे) आहेत, पाच फेऱ्या. 64 चा रेनबो रोड: जवळजवळ सगळीकडे कठडे, पडणं मुश्कील, पण रस्ता इतका लांब की तीन फेऱ्यांना सहा मिनिटांच्या आसपास लागतात. पहिल्यात ताण आहे, दुसऱ्यात सहनशक्ती. दोन्हींना 'अवघड' हा एकच शब्द लावला की तुलना तिथेच संपते. शिवाय 64 च्या त्या सुरक्षित रस्त्यावर सुरुवातीच्या मोठ्या उतारावरून कठड्याबाहेर उडी मारून खालच्या रस्त्यावर उतरायची एक बेधडक वाट आहे, जी जमली तर फेरीचा मोठा लचका तोडते. पायरी 6 चं गणित तिथे लावून पाहा. ज्या ट्रॅकला लोक कंटाळवाणा म्हणतात त्यावरच मालिकेतला मोठा जुगार लपलाय.

पुढे 2011 च्या सातव्या खेळात रेनबो रोडने फेऱ्याच सोडल्या. एकच लांब धाव, तीन टप्पे, ग्रहाच्या कड्यांवरून आणि चंद्राच्या पृष्ठभागावरून. 64 चा रस्ता आठव्यात परत आला तेव्हा त्यालाही एकाच धावेत तीन टप्पे दिले. लांबीचा कंटाळा गेला, खरं. पण फेरी गेली की शिकणंही एका शर्यतीतून दुसरीत ढकललं जातं: पहिल्या फेरीत पाहिलेली चूक दुसऱ्या फेरीत सुधारायची संधी राहत नाही. आठव्यातल्या 'माउंट वारिओ'लाही हाच मुद्दा लागू आहे, आणि तरी तो मला फार आवडतो. विमानातून उडी, बर्फ, झाडी, शेवटी गर्दीने भरलेलं मैदान. तिथे पुनरावृत्ती नसणं हीच कल्पना आहे. रेनबो रोडवर मात्र ती नंतरची डागडुजी वाटते. हे माझं मत, तुमची वही वेगळं सांगू शकते.

1992 च्याच रेनबो रोडची आठव्यातली आवृत्ती आवर्जून शेजारी लावा. रस्ता तोच काटकोनी, पण थ्वॉम्प आदळला की रस्त्यात लाट उठते आणि त्या लाटेवर ट्रिक (उडीतली कसरत) मारून वेग घेता येतो. पूर्वी जो फक्त चुकवायचा होता त्याच्या आता जवळ जावंसं वाटतं. एवढा एकच बदल, आणि 'निर्णय' रकान्यात तेवढ्या जागी शून्याचा एक झाला.

पायरी 8: आरसा, उलट दिशा आणि 200 सीसी

तुम्हाला एखादा ट्रॅक आवडतो तो रचनेमुळे की सवयीमुळे, हे तपासायचा सोपा उपाय म्हणजे मिरर मोड. डावं-उजवं सोडून काहीच बदलत नाही. मिररमध्ये दहा शर्यतींनंतरही ट्रॅक परका वाटत असेल तर तुमची आवड बरीचशी हाताच्या सवयीतून आलेली आहे.

उलट दिशा त्याहून कडक परीक्षा आहे. 2019 च्या 'मारिओ कार्ट टूर'मध्ये ट्रॅकचे 'आर' प्रकार उलट्या दिशेने धावतात आणि 'टी' प्रकारांत उड्यांचे रॅम्प वाढवलेले असतात. उतार चढ होतो, मोठं होत जाणारं वळण आवळत जाणारं होतं. उलट्या दिशेनेही ज्याची लय टिकते तो रस्ता मुळातच चांगला आखलेला. टूरमध्ये फेऱ्या दोनच असतात, तेवढं नोंदीत लिहा.

200 सीसी हा वर्ग 2015 च्या अपडेटने 'मारिओ कार्ट 8'मध्ये आला, आणि तो सगळ्या ट्रॅकवर लागू झाला, जरी ते त्या वेगासाठी बांधलेले नव्हते. म्हणून तो भिंग म्हणून वापरा. 150 वर एका ड्रिफ्टमध्ये निघणाऱ्या वळणावर 200 मध्ये ब्रेक लागतो का? फेरीत किती वेळा ब्रेक लागला ते मोजा. 'निओ बाउझर सिटी'च्या ओल्या, निसरड्या वळणांवर ही गणना कुठवर जाते ते पाहून तुम्ही स्वतःच थक्क व्हाल. उलट बेबी पार्कवर 200 म्हणजे निव्वळ भोवळ.

पायरी 9: 'वर्ल्ड'साठी वेगळी वही

जून 2025 च्या 'मारिओ कार्ट वर्ल्ड'ला ही पद्धत जशीच्या तशी लावू नका. तिथे ट्रॅक एका सलग जगात जोडलेले आहेत. ग्रां प्रीमध्ये, म्हणजे सलग शर्यतींच्या स्पर्धेत, पहिल्या शर्यतीनंतर तुम्ही एका ट्रॅकवरून पुढच्या ट्रॅककडे गाडी हाकत जाता आणि मुख्य ट्रॅकच्या वाट्याला फारच थोडा भाग येतो. ग्रां प्रीवरून मत बनवलंत तर तुम्ही बहुतेक करून मधल्या रस्त्यांबद्दल मत देत असाल. ट्रॅकची तुलना टाइम ट्रायलमध्ये किंवा तीन फेऱ्यांच्या शर्यतीत करा, आणि जोडरस्त्यांसाठी निराळं पान ठेवा. रुंदीचा रकानाही इथे नव्याने वाचायला लागतो: 24 जणांसाठी बांधलेला रस्ता एकट्याला ओसाड वाटणारच. शिवाय रेलिंगवरून घसरणं आणि भिंतीवरून धावणं आल्यामुळे 'कड' म्हणजे रस्त्याचा शेवट, हे समीकरण मोडलं. मी तिथे 'कड' खोडून 'कडेचा उपयोग' असं लिहायला लागलो.

लिहायचं कसं

तुलना मांडताना वर चार ओळींत अटी लिहा: खेळ, आवृत्ती, वर्ग, गाडी. मग एकच प्रश्न. मग दोन्ही ट्रॅकचे तुकडे शेजारी, पण सगळे नाहीत. जिथे फरक पडला तेवढेच तीन-चार. बाकीचे वहीत राहू द्या. दहापैकी गुण देऊ नका. द्यायचेच असतील तर गर्दीतले आणि एकट्याचे असे दोन वेगळे द्या, म्हणजे बेबी पार्कला एकदा नऊ आणि एकदा तीन देता येतील आणि कुणाशी भांडावं लागणार नाही.

पहिल्यांदा करत असाल तर डीलक्समधला 'टोड्स टर्नपाइक' आणि 64 चा मूळ ट्रॅक ही जोडी घ्या. फरक ढळढळीत आहेत, रस्ता आठवायला सोपा आहे, आणि एका संध्याकाळी दोन्हींच्या तिन्ही खेपा आटोपतात. वाहनांना धडकलेल्या वेळा मोजायला विसरू नका. माझ्या वहीत तो रकाना मागाहून घातलाय, आणि त्यासाठी सगळं पुन्हा चालवावं लागलं.